तुमच्या लेकीनं लिहिलेलं पुस्तक

बाई, तुमच्या लेकीनं तुमच्यावर पुस्तक लिहिलंय. मुखपृष्ठावर तुमचा शाळेच्या व्हरांड्यातला फोटो आहे. काठाची साडी, बोटांत खडू, आणि चेहऱ्यावर तोच भाव, जो बघून आमचा अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. पुण्याहून कुरिअरनं आलं. मी पाकीट फोडलं, फोटो बघितला आणि आधी रडले. मग वाचायला बसले, आणि पुस्तक संपवून मिटलं तेव्हा एवढी चिडलेली होते की समोरचं ताट तसंच सरकवून दिलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील. इतक्या वर्षांत तुमची आठवण येत राहिली, पण तुमच्याशी भांडावं असं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतंय, आणि भांडायला तुम्ही नाही. म्हणून हे लिहितेय.

तुमचं वाचक मंडळ अजून चालू आहे, हे आधी सांगते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, रविवारी दुपारी. पंखा तोच, आवाजही तोच. तुमच्यानंतर काही दिवस सगळं विस्कटलं होतं, मग मीच पदर खोचला. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून करायचे, आता रिटायर झाल्यावर तर तेवढंच काम उरलंय. आणि तुमचा नियम अजून तसाच आहे. पुस्तकावर बोलायला उठलं की पहिल्यांदा सांगायचं, आपण कुठं अडलो. कुठल्या पानावर थांबलो, कंटाळलो, चिडलो, पुढं जाववेना, ते पान आधी. कौतुक नंतर. नवीन माणसं बिचकतात. मी त्यांना हा नियम कुठून आला ते सांगत नाही, पण मला तो दिवस स्पष्ट दिसतो. मी आठवीत आहे, बाकाशेजारी उभी आहे, तुम्ही दिलेलं पुस्तक छातीशी धरलंय आणि म्हणतेय, "छान आहे बाई." तुम्ही वर न बघता म्हणालात, "छान तर वांग्याची भाजीपण असते. वाचताना कुठं अडलीस ते सांग." मी म्हटलं, कुठंच नाही अडले. "मग वाचलं नाहीस तू. खाली बस." सगळ्या पोरी खिदळल्या. मी घरी जाऊन ते पुस्तक रागारागानं पुन्हा वाचलं, आणि खरंच तीन ठिकाणी अडले.

त्या एका वाक्यानं मी बिघडले म्हणा किंवा घडले म्हणा. हल्लीची पुस्तकं वाचताना तर पावलापावलावर अडते. मोठं बक्षीस मिळालेली एक जाडजूड कादंबरी वाचली मध्ये, गावाकडची. त्या गावातली सगळी माणसं शहाणी आणि दुःखी. एक चहाटळ म्हातारा नाही, एका बाईला हसू फुटत नाही. अहो, लेखकाला म्हणावं, आमच्या वळसंगच्या एसटी थांब्यावर अर्धा तास बस, कान तृप्त होतील. शहरातल्या कादंबऱ्यांचं वेगळंच. तिथली माणसं जेवत नाहीत, नुसती कॉफी पितात आणि खिडकीतून बाहेर बघतात. नायिकेला नोकरी आहे म्हणे, पण ऑफिसला जाताना ती एकदाही दिसली नाही मला. आमच्या मंडळात एक रिटायर्ड तलाठीकाका येतात, ते एका कादंबरीवर बोलायला उठले आणि म्हणाले, "मी हितं अडलो. नवराबायकोचं भांडण हाय, सलग चार पानं. पण दोगंबी सारखंच बोलत्यात की वो! कोण कुणाला शिव्या देतंय तेच कळंना. शेवटाला पेन्सिल घिऊन नवरा, बायको, नवरा, बायको असं लिवत बसलो." खोली हसून हसून लोळली. तुम्ही असतात तर त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं असतंत. मग ती दुसरी पुस्तकं, पहाटे उठा आणि श्रीमंत व्हा छापाची. ती मी हातात धरत नाही, तरुण पोरं मोबाईलवर कानाला लावून ऐकतात. पण सगळंच वाईट नाही हो. बाजार समितीतल्या हमालाच्या बायकोवर एक बारीकशी कादंबरी आलीय. शेवट साफ फसलाय, पण मधला भाग असा की करमाळ्याहून परत येताना एसटीत वाचत होते आणि माझा स्टॉप मागं गेला तरी कळलं नाही. एका नर्सनं आपले अनुभव लिहिलेत. पेशंट न हलवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, एवढ्यावर तिनं एक अख्खं पान लिहिलंय, आणि मला माझी आई दिसली. दवाखान्यात आया होती ती, तुम्हाला ठाऊकच आहे.

पण ज्या पुस्तकांवर मी मंडळात सगळ्यात जास्त तोंड सोडलंय, ती म्हणजे लोकांनी आपल्या आईवर लिहिलेली पुस्तकं. एकजात सगळ्यांच्या आया देवी! कुणाचीच आई खोटं बोलत नाही, कुणाचीच आई एका पोराला जास्त वाढत नाही, कुणाचीच आई शेजारणीवर जळत नाही. मी दरवेळी म्हणायचे, अरे, कुणीतरी एकदा आपल्या आईबद्दल खरं लिहा रे, मी त्या माणसाला हार घालीन. बोलायला काय जातंय. लिहिलं तुमच्या लेकीनं, आणि माझीच तंतरली.

पुस्तक चांगलं आहे, बाई. हे कबूल करायला मला आठवडा लागला. तिची वाक्यं साधी आहेत, कुठं गळा काढत नाही, कुठं न्याय मागत नाही. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतलं तुमचं ते दोन खोल्यांचं घर तिनं असं लिहिलंय की मला मोरीतल्या शिकेकाईचा वास आला. तिचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की सगळ्या गावच्या पोरींना आई पुरली आणि मला उरली नाही. शाळेतून यायचीस ती दमून, आणि दमलेली आई तेवढी माझ्या वाट्याची, असं लिहिते. तुम्हाला उद्देशून लिहिताना ती "तू" म्हणते. मला ते वाचताना चमत्कारिक वाटत होतं, तुम्हाला "तू" म्हणणारं या जगात कुणी होतं हे मी धरलंच नव्हतं.

आणि मग ते गड्ड्याच्या जत्रेच्या संध्याकाळचं पान येतं. तो दिवस माझ्याकडंही आहे की! तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला होता आणि जिल्ह्याची स्पर्धा दोन दिवसांवर होती. संक्रांत नुकतीच झालेली, बाहेर लोकांची झुंबड गड्ड्याच्या दिशेनं चाललेली, आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाषण म्हणतेय. तुम्ही भाकरी थापताय आणि मध्येच पिठाचा हात उचलून म्हणताय, थांब, हे वाक्य तुझं नाही, पाठ केलेलं आहे, तुझं वाक्य सांग. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. निघताना गार वारा सुटला होता, तर तुम्ही आतून एक जांभळा स्वेटर आणून माझ्या अंगात घातलात, स्वतः गुंड्या लावल्यात आणि म्हणालात, ठेव तुलाच. मी ती संध्याकाळ आयुष्यभर जपली. नोकरीत कुणी घालून पाडून बोललं, की ती संध्याकाळ काढून बघायची, पुन्हा ठेवून द्यायची. माझ्यासाठी कुणीतरी एवढं केलं होतं, याची ती खूण होती.

त्या संध्याकाळी तुमची लेकही आहे. मधल्या दारात उभी. नवा फ्रॉक, पायांत बूट, वेण्या वर बांधलेल्या, आणि माझ्याकडं एकटक बघतेय. असल्या नजरा मला पाठ होत्या. शाळेत माठापाशी, मैत्रिणींच्या घरी ओट्यावर, मी त्या लांबूनच ओळखायची, आणि बहुतेक वेळा माझं चुकायचं नाही. मी मनात म्हटलं, आई एवढी मोठ्या मनाची आणि लेक बघा, आमच्यासारखी पोर स्वयंपाकघरात बसलेली हिला बघवत नाही. एवढी वर्षं मी तिला त्याच खात्यात ठेवलं होतं. आता तिच्या पुस्तकात वाचते, की त्या दिवशी तुम्ही तिला गड्ड्याला न्यायचं कबूल केलं होतं. पाळण्यात बसायचं होतं, बांगड्या घ्यायच्या होत्या. ती दुपारपासून बूट घालून तयार होती. आणि तो स्वेटर तिचा होता. तिच्या मावशीनं विणलेला.

तरी मी तिथं अडले नाही, बाई. तिथं वाईट वाटलं, पण पुढं गेले. मी अडले ते पुढच्या पानावर. ती लिहिते, की घरी पाहुणे आले की आई त्या मुलीला बाहेर बोलवायची आणि म्हणायची, "ही आमची हुशार मुलगी. आमच्यातच जेवते, स्वयंपाकघरात बसून." आणि मग पाहुणे आईकडं बघायचे. मुलीकडं नाही, आईकडं. पुढं तिनं काही टिप्पणी केलेली नाही. नुसतं लिहून सोडून दिलंय.

हे वाक्य मला आठवतं. शब्दन् शब्द आठवतं! "आमची" म्हणालात म्हणून मी फुलून जायची. वस्तीत येऊन सांगायची, बाई मला आमची मुलगी म्हणतात. माझी आई भांडी घासता घासता म्हणायची, "व्हय का? तू त्येंच्यात जेवतीस ते समद्यास्नी सांगत्यात. आन त्या आपल्यात कवा येत्यात जेवायला? ईच्यार की एकदा." मी आईवर भडकायची. म्हणायची, तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही. आई पुढचं भांडं घासायला घ्यायची. आणि तुम्ही आमच्याकडं कधीच आला नाहीत. रस्ता तर लांब नव्हता. मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्या दारी आले आणि म्हटलं, बाई, आता तुम्ही आमच्याकडं या, आईनं पुरणपोळीचा घाट घातलाय. तुम्ही माझ्या गालाला हात लावून म्हणालात, येईन गं, सवडीनं येईन. त्या दिवशीच्या पोळ्या आम्ही दुसऱ्या दिवशीही खाल्ल्या.

आता मला सांगा, मी काय करायचं? तुम्ही मला शिकवलंत ते माझ्यासाठी, की पाहुण्यांनी तुमच्याकडं बघावं म्हणून? दोन्ही असेल, असं कुणीही समजूतदार माणूस म्हणेल. मीही दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं. पण मला समजूतदारपणा नको आहे, मला तो स्वेटर घातलेली संध्याकाळ परत पाहिजे, अख्खी, होती तशी. तुमच्या लेकीचा राग आला तो यासाठी. तिनं खोटं लिहिलं असतं तर मी दोन हात केले असते. तिनं खरं लिहिलं, आणि माझ्याकडचं होतं तेवढं घेऊन गेली.

त्यात मंडळानं परस्पर ठरवलं की तिला बोलवायचं. लेखिका मूळ सोलापूरची, मंडळ तिच्याच आईनं काढलेलं, आणि पुस्तकावर बोलणार कोण? अर्थात मी. मी आजारी पडायचं ठरवलं होतं, खरं सांगते. तलाठीकाकांना फोन करून म्हटलं, काका, तुम्हीच बोला. ते म्हणाले, "मी कसा बोलणार? त्या पुस्तकात ती पोरगी तुमीच हाय न्हवं? आमाला समद्यास्नी कळलंय की. तुमी नाय बोलला, तर मग ह्यो नियम कशापाई पाळतोय आपण?" मग काय, पुस्तक काढून पुन्हा वाचायला बसले.

ती आली. पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई, केस पांढरे, चष्मा, आणि भुवई उचलायची लकब सरळ तुमची. मला बघून "नमस्कार, कशा आहात" म्हणाली, मीही "बरी आहे, प्रवास नीट झाला का" म्हटलं. खोली भरली होती. मी उठले, पुस्तक मिटून हातात धरलं, जसं तुम्ही धरायला लावायचात, आणि म्हटलं, "मी अडले ते पाहुण्यांच्या पानावर. त्या पानातली मुलगी मी आहे. तिथं मी एक अख्खा दिवस थांबले, कारण मला ते पान खोटं ठरवायचं होतं. नाही ठरवता आलं. ते वाक्य बाई म्हणायच्या. मला ते आवडायचंसुद्धा." भाषा कशी आहे ते सांगितलं, मधली दोन प्रकरणं लांबलीत ते सांगितलं, वडिलांबद्दल तिनं हात राखून लिहिलंय तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, हे चांगलं पुस्तक आहे आणि मला त्याचा फार त्रास झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती चष्मा काढून पुसत बसली होती. तलाठीकाका उठले आणि उगीचच पंखा कमी केला.

नंतर मी तिला खाली सोडायला गेले. रिक्षा बोलावली होती, यायला वेळ होता. रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्याची घुंगरं वाजत होती. ती म्हणाली, "तुम्हाला राग आला असेल." मी म्हटलं, "आलाय की. अजून आहे." ती हसली, तर तिचे डोळे भरून आले. मग एकदम "तू" वर आली. म्हणाली, "एक विचारू? एवढे शनिवार तू आमच्या घरी यायचीस. आई तुझ्यापाशी बसायची, बोलायची. माझ्याबद्दल बोलायची का गं कधी?"

बाई, तुम्ही नाही बोलायचात. पुस्तकांबद्दल बोलायचात, माझ्या अक्षराबद्दल, माझ्या उच्चारांबद्दल, शाळेतल्या राजकारणाबद्दल, भाकरीच्या पिठाबद्दल. तिच्याबद्दल एक अवाक्षर नाही. मी पटापट सगळ्या शनिवारांत शोधून आले, नव्हतंच काही. आणि ती बाई समोर उभी होती, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

मी म्हटलं, "बोलायच्या की! लई बोलायच्या."

"काय बोलायची?"

तुमचीच लेक ती, नुसत्या छानवर भागणार आहे होय? मी म्हटलं, "म्हणायच्या, माझी लेक पुस्तक वाचताना ओठ हलवते. तिला वाटतं मला दिसत नाही. मी इथून तिच्याकडं बघत राहते आणि तव्यावरची भाकरी करपते." ती रस्त्यातच तोंडावर पदर दाबून रडायला लागली. म्हणाली, "मला वाटायचं भाकरी करपली की ती माझ्यावर डाफरते. मला काय माहीत." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ओठ ती हलवायची, एवढं खरं आहे. बाहेरच्या खोलीत पलंगावर पालथी पडून वाचायची तेव्हा. पण बघत बसायची ती मी, पाटावरून. तुमची पाठ होती तिच्याकडं.

काल तिचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघतेय आणि शेवटच्या प्रकरणात तिनं ते वाक्य घातलंय. प्रकाशकांना सगळ्यात तेच आवडलं म्हणे. तिचा आवाज एवढा हलका मी कधी ऐकला नव्हता. खऱ्या पुस्तकात तेवढं एक खोटं, आणि ते माझ्या हातचं. फोन करून तिला थांबवायला पाहिजे, कळतंय मला. मी नाही थांबवणार. हे पत्रही कुणाला दाखवायचं नाही, तिला तर नाहीच.

आणि एक. त्या दिवशी रिक्षा यायला वेळ होता म्हटलं ना, मलाही तिला काहीतरी विचारायचं होतं. पाहुणे नसताना, दार लावल्यावर, घरात तुम्ही माझ्याबद्दल काय बोलायचात? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. नाही विचारला. ती माझ्यासारखी नाही, बाई. तिनं खरं सांगितलं असतं.